चहाचं टेबल

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इकडे आले. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग थोडा आळस, आणि खरं सांगायचं तर जे लिहायचं होतं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न २०२४ च्या डिसेंबरात नाशिकला झालं. तुमच्यापैकी बरेचजण तिथे होतातच. रिसेप्शनला गरम पेयांचं टेबल लावायचं काम माझ्याकडे होतं. त्या टेबलाविषयी मला लिहायचं आहे, आणि रात्री साडेदहाला तिथे बसून भावाने मला जे सांगितलं त्याविषयीही. त्याला विचारूनच लिहितेय. दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "लिही अक्का, आता काय राहिलंय."

तर झालं असं, की ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला. केटररची यादी वाचून दाखवत होता. स्वागताला 'ब्ल्यू लगून'! म्हणजे काय रे, तर निळं सरबत, बर्फ घातलेलं. आता मला सांगा, नाशिकची डिसेंबरातली रात्र, गंगापूर रोडकडचं उघडं लॉन, निफाडचा पारा किती उतरला ते आपण दरवर्षी पेपरात वाचतो, आणि आल्या आल्या पाहुण्याच्या हातात बर्फाचं सरबत?

"आत्या, चहा-कॉफी आहे ना शेवटी, जेवण झाल्यावर."

"शेवटी म्हणजे दहा वाजता. सात ते दहा म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? शाली पांघरून नवरा-नवरीची वाट बघायची?"

केटररला विचारलं तर सुरुवातीपासून चहा-कॉफी हवी असेल तर माणशी वेगळा आकार म्हणे. तो आकडा ऐकून मी म्हटलं, तेवढ्यात आमच्या शाळेची सहल पन्हाळ्याला जाऊन आली असती. भाचा म्हणाला, "मग तूच सांग काय करायचं." मी काही बोलायच्या आत मागून भावाचा आवाज आला, "ते काम अक्काकडेच दे. दुसऱ्या कुणाकडे नको." मला जरा नवल वाटलं. मुलीचा बाप, त्याला शंभर कामं, आणि चहाचं टेबल कुणी बघायचं यात त्याने एवढं लक्ष का घालावं?

मी हो म्हटलं खरं, पण छातीत धस्स झालं. लग्न आणि चहा हे दोन शब्द एकत्र आले की मला मे १९७४ आठवतो.

माझं लग्न तेव्हा झालं, माहेरी, वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. सासर पुण्याचं. वऱ्हाड आदल्या संध्याकाळी रेल्वेने ताकारीला उतरणार, तिथून बैलगाड्या सांगून ठेवलेल्या. पण ८ मेला रेल्वेचा देशभर संप सुरू झाला, आणि सगळा बेत कोलमडला. काही माणसं एसटीने, काही भाड्याच्या गाडीने, असं करत संध्याकाळचं वऱ्हाड उगवलं ते लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला. चाळीस माणसं सांगितली होती, आली साठ-पासष्ट. शाळेला सुटी होती म्हणून जानवसा शाळेतच दिलेला. आवारात तीन दगडांची चूल.

साखर तेव्हा रेशनवर. कार्डावर मिळायची ती ठरावीक, खुल्या बाजारातली महाग. आईने तीन-चार महिने आमचा चहा गुळाचा करून एक डबा साखर लग्नासाठी साठवली होती. (उसाच्या मुलखात साखर नाही! चारी बाजूंनी ऊस आणि घरात मोजून चमचे.) तर पहाटे वऱ्हाडाला चहा गेला आणि तो फुटलेला निघाला. खाली पिवळट पाणी, वर चोथा. कंदिलाच्या उजेडात वाढणाऱ्यांना कळलं नाही, पिणाऱ्यांना कळलं. सासरकडच्या एका वडीलधाऱ्यांनी कप बशीत उपडा घातला आणि म्हणाले, "मास्तर, वऱ्हाडाला नासका चहा?"

अण्णांनी हात जोडले. म्हणाले, "चूक माझी. दूध मीच बघून घ्यायला हवं होतं." अर्ध्या तासात शेजारच्या म्हशीचं धारोष्ण दूध आणून दुसरा चहा झाला. लग्न वेळेवर लागलं. बोलायचं ते बोलून माणसं जेवायला बसली.

पण 'मास्तरांचा चहा' हा शब्द राहिला. आमच्या सासरी कधीही दूध नासलं, दही फुटलं, आमटी बिघडली, की कुणीतरी म्हणायचंच, "आज मास्तरांचा चहा झाला वाटतं!" सासूबाई वाईट नव्हत्या हो. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. सासरकडचे पुतणे-पुतण्याही हा ब्लॉग वाचतात, त्यांना सांगते, कुणावर राग धरून लिहीत नाही. तुमच्याकडे तो घरातला विनोद होता. मीही हसायला शिकले. पण दर वेळी मला अण्णांचे जोडलेले हात दिसायचे, आणि खरं सांगू, अण्णांचाच राग यायचा. वाटायचं, चार रुपये जास्त टाकून साखर आणली असती, दूध ताजं घेतलं असतं, तर? एकदा दिवाळीला माहेरी गेले असताना मी त्यांना हे तोंडावर बोलले. १९७८ ची दिवाळी असेल. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "हो गं, चुकलंच." एवढंच. १९८९ साली अण्णा गेले.

असो. तर टेबल.

पहिला प्रश्न जागेचा. लॉनचा माणूस म्हणाला, दाराशीच लावा, येणाऱ्याला दिसेल. पण दाराशी अत्तर, गुलाबपाणी, फोटो, आहेराची पाकिटं, सगळा घोळका तिथेच. त्यात गरम चहाचा कप म्हणजे कुणाच्या तरी पैठणीवर जाणारच. स्टेजजवळही नको, तिथे रांग. मी वयस्कर मंडळींच्या खुर्च्यांच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला टेबल घेतलं. म्हाताऱ्या माणसाला वीस पावलांवर चहा दिसला पाहिजे आणि तिथेच बसायला खुर्ची पाहिजे. नाहीतर ते उठतच नाहीत, "राहू दे" म्हणतात.

दुसरी गोष्ट विजेची. भाच्याने विजेवर चालणारे दोन बंब आणायचं ठरवलं होतं. एकेक अडीच हजार वॅटचा. लॉनवर डीजे, दिव्यांच्या माळा, सगळं एकाच जोडणीवर, बटण खाली पडून सगळा मांडव अंधारात गेला असता. शिवाय रात्री गवतावर दव पडतं आणि वायरी त्या ओल्या गवतातूनच जाणार. नकोच ते. टेबलामागे पंधरा पावलांवर गॅसच्या दोन भट्ट्या ठेवल्या, वाऱ्याला तीन बाजूंनी पत्रा, सिलिंडर आडोशाला, आणि पोरांना तिकडे मज्जाव. तयार चहा नळाच्या मोठ्या थर्मासमधून टेबलावर. थर्मासला आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवायचं आणि ओतून टाकायचं, मग चहा भरायचा. नाहीतर थंड स्टील पहिल्या वीस कपांची ऊब खाऊन टाकतं.

प्रमाण विचारणारे बरेच फोन आले म्हणून देते. लहान कप नव्वद मिलिलिटरचा. पन्नास कपांचा एक घाणा: पाणी सव्वादोन लिटर, दूध पावणेतीन लिटर, चहापूड शंभर ग्रॅमला थोडी कमी, साखर तीनशे ग्रॅम. उकळताना अर्धा लिटर आटतं ते धरून. आलं ठेचून आधी पाण्यात चांगलं उकळायचं आणि मग दूध. कच्चं आलं दुधात पडलं तर तेही दूध फाडतं. आणि एकदम दोनशे कप करून ठेवायचे नाहीत. थर्मासमध्ये तासाभरावर राहिलेला चहा कळकट लागतो, मग त्यावर कितीही वेलदोडा घाला. पन्नास-पन्नासचेच घाणे. एक छोटा थर्मास बिनसाखरेचा, त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी. आमच्या वयाच्या माणसांना चारचौघांत "शुगर आहे" सांगायला लावू नये. आणि एक नुसत्या गरम पाण्याचा, गोळ्या घ्यायला. सगळ्यात आधी तोच रिकामा झाला!

कॉफी साधीच ठेवली. (तुम्हाला ते लग्नातलं वाफेचं मशीन आठवतं का? फुर्र्र आवाज करून फेस काढायचं आणि वर चॉकलेटची पूड. एके काळी ते असलं की लग्न श्रीमंताचं.) मसाला दूध साठ कप, साडेसात लिटर दूध आटवून. ते साडेआठलाच संपलं. माझा अंदाज साफ चुकला, मला वाटलं होतं म्हातारे पितील, प्यायली सगळी तरुण पोरं.

कपांवरून थोडी वादावादी झाली. २०१८ सालच्या बंदीनंतर थर्माकोलचे कप गेले ते बरंच झालं, पण कागदी कप बोटांना चटके देतो आणि थरथरत्या हातात दबतो. मी भांडीवाल्याकडून साठ कपबश्या मागवल्या, फक्त वडीलधाऱ्यांसाठी. बशीत ओतून पिणारी माणसं आहेत अजून. ऑर्डर देताना क्षणभर तो उपडा घातलेला कप डोळ्यापुढे आला. पण दिली.

आणि मग आला गुळाचा चहा. भाचीचीच फर्माईश. हल्ली रस्तोरस्ती गुळाच्या चहाच्या टपऱ्या निघाल्यात, तरुणांना त्याचं भारी कौतुक. मी म्हटलं, बाकी काहीही सांग, ते नको. तर रुसून बसली. "आत्या, माझ्या लग्नात एवढं पण नाही?" तिला काय माहीत. शेवटी मी नाशिकला चार दिवस आधी गेले आणि तीन दुकानांतला गूळ आणून भावाच्या स्वयंपाकघरात करून बघितला. गुळात थोडा आंबटपणा असतो, क्षार असतात. उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं, आणि दूध जरा जुनं असेल तर विचारूच नका. एका गुळाने फाटलंच. दुसरा काळपट, त्याने नाही फाटलं. मग ठरलं असं, की गूळ आणि चहा पाण्यातच उकळून गाळून वेगळा ठेवायचा, दूध वेगळं तापवायचं, आणि दोन्ही आचेवरून उतरल्यावर, वाढायच्या वेळी किटलीत एकत्र करायचं. परत उकळायला ठेवायचं नाही.

मी हे प्रयोग करत असताना भाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि काही न बोलता जायचा. मला वाटलं, लग्नाची काळजी.

रिसेप्शन छान झालं. त्याचं वर्णन करत नाही, फोटो तुम्ही पाहिलेत. टेबलावर दोन मुलं होती, गाळणारा एक आणि वाढणारा एक, आणि मी खुर्ची टाकून बाजूला, परीक्षेला सुपरव्हिजनला बसावं तशी. आठच्या सुमाराला व्याह्यांकडच्या आजी आल्या, नव्वदीच्या. त्यांनी पाटी वाचून गुळाचाच चहा मागितला. मुलाने कपबशी पुढे केली. खोटं कशाला सांगू, माझे हात गार पडले. आजींनी बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायल्या, आणि म्हणाल्या, "अर्धा आणखी दे रे." हुश्श!

पार्किंगमध्ये ड्रायव्हर मंडळी कुडकुडत होती, त्यांना एक थर्मास पाठवून दिला. हे यादीत नव्हतं, ऐनवेळी सुचलं. पुढे कुणी टेबल लावणार असाल तर आधीच धरा.

साडेदहाला गर्दी ओसरली. भाऊ फेटा काढून हातात घेऊन आला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. पाटीकडे बघत होता. मी विचारलं, "चहा घेतोस?" तर म्हणाला, "अक्का, तो गूळ मी घातला होता."

मला आधी कळेना. मला वाटलं आजचंच काहीतरी.

"तुझ्या लग्नात. दूध नासलं नव्हतं. दूध चांगलं होतं."

तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मेची सुटी, दिवसभर क्रिकेट, आणि आईच्या त्या साखरेच्या डब्यातून दोन-तीन वेळा वाटी भरभरून साखर बाहेर गेली, पोरांच्या लिंबाच्या सरबतासाठी. कुणाच्या लक्षात आलं नाही. पहाटे वऱ्हाड आलं, मोठी माणसं सामान उतरवायला धावली आणि चुलीशी बसवलं याला. डबा उघडला तर साखर पुरेना, त्यात माणसं वीस-पंचवीस जास्त. घाबरून घरी पळाला, गुळाची ढेप फोडून आणली आणि उकळत्या चहात टाकली. घरी रोज गुळाचाच चहा व्हायचा, पण आई तो कसा करते हे याने कधी पाहिलं होतं? तेवढ्यात वाढणाऱ्यांनी घाईघाईने ओतून नेलाही.

अण्णा चुलीशी आले, पातेल्यात बघितलं, बाजूला गुळाचे खडे बघितले. त्याला म्हणाले, "जा, विहिरीवरून पाणी आण." तो कळशी घेऊन शाळेच्या भिंतीमागे उभा राहिला आणि तिथून त्याने अण्णांना हात जोडताना पाहिलं.

"मग तुला बोलले काही?"

"नाही. तू सासरी गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुलीशी बसवून गुळाचा चहा करायला शिकवला. दूध शेवटी, खाली उतरवून. एवढंच. आईलासुद्धा सांगितलं नाही त्यांनी."

मला राग आला. आता गोड गोड लिहायचं तर लिहिता येईल, पण खरंच राग आला. पन्नास वर्षं! प्रत्येक नासलेल्या दुधाला मी मान खाली घालून हसले आणि हा माणूस दर राखीपौर्णिमेला माझ्यासमोर बसून ओवाळून घेत होता. चौतीस वर्षं मी वर्गात विचारत आले, काच कुणी फोडली, उभं राहा. माझ्या घरातलाच उभा राहिला नव्हता.

मी म्हटलं, "मी अण्णांना बोलले होते रे. दिवाळीत. तुमच्या कंजूषपणामुळे झालं म्हणून."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"चुकलंच म्हणाले."

मग दोघंही काही बोललो नाही. समोर मुलं सतरंज्या गुंडाळत होती. एकदा वाटलं उठून जावं, पण गुडघे थंडीने आखडले होते आणि जाणार तरी कुठे. त्याला विचारलं, आजच का सांगितलंस. तर म्हणाला, "मघाशी व्याह्यांसमोर उभा होतो. त्यांच्याकडचं कुणीतरी म्हणालं, पनीर कच्चं आहे. माझे हात आपोआप जोडले गेले." मोठा साठी उलटलेला माणूस, डोळे पुसायला फेट्याचं टोक घेत होता. नंतर म्हणाला, "म्हणून चहाचं तुझ्याकडे दे म्हटलं. दुसऱ्या कुणावर सोडायची भीती वाटत होती."

तेवढ्यात केटररची वाढपी मुलं आली, सात-आठ जण, दिवसभर उभी असलेली. चहा आहे का म्हणाली. साखरेचा चहा संपला होता. गुळाचा काढा तेवढा उरला होता आणि लिटर-दीड लिटर दूध. मी उठायच्या आधी भाऊच उठला. कोटाच्या बाह्या वर केल्या, दूध भट्टीवर ठेवलं, वर आलं तसं खाली उतरवलं, जरा थांबला आणि मग काढा ओतला. मी नुसती बघत होते. अण्णा ओगराळ्याने ढवळायचे ना, अगदी तसंच, उलट्या बाजूने.

मुलांनी दोन-दोन कप घेतले. मला त्याने कपबशीत आणून दिला. मी म्हटलं, नको, रात्री झोप येत नाही. ते खरंही होतं.

अजून मी गुळाचा चहा पीत नाही. परवा त्याचा फोन होता, दिवाळीला नाशिकला ये म्हणतोय. बघू. भाचीला मात्र तो काळपट गूळ पाठवायचा आहे, तिच्या सासूबाईंना हवाय. दुकानाचा पत्ता भाच्याकडे आहे.